सत्त्याण्णव अंशांवर अडलेली कढई

बंगळुरात संध्याकाळी सहानंतर बहुतेक नाक्यांवर गोबीची गाडी लागलेली असते. पाटीवर कन्नडमध्ये 'गोबी मंचूरी' लिहिलेलं असतं, गिऱ्हाईक नुसतं 'गोबी' म्हणतं आणि गाडीवाला 'ड्राय का ग्रेव्ही' एवढंच विचारतो. काळ्याकुट्ट कढईखाली फरफरणारी आच, कढईवर आपटणारा पळा, आणि दोन मिनिटांत हातात प्लेट. वरून बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर. आणि रंग? डोळे दिपतील असा लाल.

११ मार्च २०२४ रोजी कर्नाटक सरकारनं त्या रंगावर बंदी घातली. आरोग्य खात्यानं राज्यभरातून गोबीचे १७१ नमुने तपासले होते आणि त्यांतल्या १०७ मध्ये टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन असे कृत्रिम रंग सापडले होते. गोबीबरोबर 'बुढ्ढी के बाल'ही अडकले. त्यात तर ऱ्होडामिन-बी हा कापड रंगवायचा रंग निघाला. त्याच वर्षाच्या सुरुवातीला गोव्यात म्हापसा पालिकेनं गोबी मांचुरियनच्या गाड्यांनाच मज्जाव केला होता. अशी बातमी आली की घरोघरी एकच ठराव होतो: बाहेरचं बंद, घरीच करू या. ठराव चांगला आहे. पण घरची गोबी लिबलिबीत का होते, नूडल्सचा लगदा का होतो आणि फ्राइड राइस शेवटी फोडणीच्या भातासारखाच का लागतो, याच्या मुळाशी सहसा कुणी जात नाही. दोष सॉसच्या बाटलीवर जातो आणि पुढच्या वेळी आणखी महागडी बाटली घरात येते. माझं म्हणणं असं की घोटाळा बाटलीत नसतो, तो आच आणि पाणी यांच्या हिशेबात असतो. आणि त्या बाटल्यांपैकी निम्म्यांचं काम करणाऱ्या वस्तू मराठी घराच्या फळीवर आधीपासूनच असतात.

आधी गोबीचं कूळ बघू. चीनच्या मांचुरियाशी या पदार्थाचा नावापलीकडे संबंध नाही. कोलकात्यात जन्मलेले चिनी वंशाचे आचारी नेल्सन वाँग यांनी १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात, काहीतरी नवं मागणाऱ्या गिऱ्हाइकासाठी कोंबडीचे तुकडे कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवून तळले, आलं-लसूण-हिरवी मिरची परतली आणि गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस ओतला, अशी हकीकत ते स्वतः सांगत आले आहेत. कोंबडीच्या जागी पुढे फ्लॉवर आला. हा फ्लॉवर तरी कुठे इथला? त्याचं बी १८२२ मध्ये इंग्लंडहून सहारनपूरच्या कंपनी बागेत आलं. म्हणजे भाजी विलायती, कल्पना मुंबईत शिजलेली आणि नाव चीनच्या एका कोपऱ्याचं. अस्सलपणाचा आग्रह धरणाऱ्याच्या हाती इथं काही लागणार नाही. घरी करणाऱ्याला मात्र पूर्ण मोकळीक आहे.

रंगाचा प्रश्न तर कर्नाटकात पडायलाच नको होता. हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगीची सुरकुतलेली मिरची तिखटाला बेताची आणि रंगाला गडद. २०११ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. तिच्या रंगाचा अर्क काढून तो खाद्यपदार्थांपासून सौंदर्यप्रसाधनांपर्यंत वापरला जातो. बंगळुरात ती कुठल्याही किराणा दुकानात मिळते. अडचण एवढीच की तिचं रंगद्रव्य तेलात विरघळतं, पाण्यात नाही. सॉसच्या पाण्यात ब्याडगीची पूड कालवली की फिकट तपकिरी रंग येतो आणि मग मंडळी म्हणतात, 'बघा, रंग घातल्याशिवाय जमतच नाही.' चार-पाच मिरच्या बिया काढून गरम पाण्यात अर्धा तास भिजवायच्या, लसणीबरोबर गंधासारख्या वाटायच्या आणि ते वाटण मंद आचेवर तेल सुटेपर्यंत परतायचं. तेल लाल झालं की काम झालं. व्हिनेगर आणि सोया सॉस त्यानंतर. घाई करून आधी ओतलेत तर पाण्यामुळे वाटण परतलं जात नाही, नुसतं शिजतं, आणि रंग आतल्या आत राहतो.

आता मुख्य मुद्दा, आचेचा. घरच्या शेगडीचा मोठा बर्नर साधारण दोन-अडीच किलोवॉट उष्णता देतो. हॉटेलातली चिनी पद्धतीची भट्टी वीस-तीस किलोवॉट, कधी त्याहून जास्त. म्हणजे दहापट. हा फरक गॅसची कळ पूर्ण फिरवून भरून निघत नाही. आणि भाजी म्हणजे बहुतांशी पाणीच. अर्धा किलो कोबी, गाजर, ढोबळी मिरची एकदम कढईत लोटली आणि त्यातून समजा शंभर ग्रॅम पाणी सुटलं, तर तेवढं पाणी तापवून त्याची वाफ करायला सुमारे अडीचशे किलोज्यूल लागतात. अडीच किलोवॉटच्या बर्नरची साठ टक्के उष्णता कढईत पोचली असं धरलं, तरी हे काम जवळजवळ तीन मिनिटांचं. त्या तीन मिनिटांत कढईचं तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूपुढे हलत नाही. भाजी परतली जात नाही, स्वतःच्याच पाण्यात उकडते. चिनी कढईतला तो खमंग, किंचित धुरकट वास यायला पदार्थाचा पृष्ठभाग १४० अंशांच्या वर जावा लागतो. साखर आणि प्रथिनं यांची भाजण्याची रासायनिक क्रिया तिथून जोर धरते.

बंगळूरकरांना यात आणखी एक बारीकसा तोटा आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथं पाणी १०० नव्हे, सुमारे ९७ अंशांनाच उकळतं. मुंबईहून बदलून आलेल्या घरात पहिले काही दिवस 'उघड्या पातेल्यात भात शिजायला वेळ लागतो बुवा' अशी तक्रार ऐकू येते, तिचं थोडं श्रेय या तीन अंशांना द्यायला हरकत नाही. कुकर लावला की फरक जवळजवळ मिटतो. पण ओल्या भाजीनं भरलेली कढई मात्र याच सत्त्याण्णव अंशांवर अडून बसते, आणि आपण वरून सॉस ओतत राहतो, म्हणजे आणखी पाणी.

यावर उपाय साधे आहेत आणि बहुतेक आचेपेक्षा पाण्यावरचे आहेत. भाजी धुऊन लगेच चिरायची नाही. धुऊन, रोवळीत निथळून, सुती पंच्यावर पसरून कोरडी करायची. ऑफिसातून आल्यावर एवढा धीर नसतो हे खरं. म्हणून सकाळी डबा भरतानाच संध्याकाळची भाजी धुऊन पसरून ठेवावी. बंगळूरची कोरडी हवा बाकीचं काम करते. दुसरं, अर्धा किलो भाजी एकदम न घालता दोन-तीन हप्त्यांत परतायची, प्रत्येक हप्ता ताटात काढायचा आणि शेवटी सगळं एकत्र करून अर्ध्या मिनिटात सॉस. भांडं एक जास्त पडतं, पण वेळ उलट कमी लागतो. तिसरं, कढई बिडाची किंवा जाड लोखंडाची. पातळ कढईत भाजी पडली की तापमान धाडकन कोसळतं. बिडाच्या वजनात उष्णता साठलेली असते, ती पहिल्या धक्क्याला पुरते. नॉनस्टिक भांडं रिकामं, धूर येईपर्यंत तापवू नये. त्याचा लेप त्यासाठी नसतो. भाड्याच्या घरात इंडक्शनवर दिवस काढणाऱ्या पोरांना गोल बुडाची कढई उपयोगाची नाही. तिथं सपाट बुडाचा लोखंडी तवा चालतो, कडा उंच असल्या की झालं.

मीठ शेवटी. हे सांगायची गरज नसावी, पण आपल्या हाताला भाजीत सुरुवातीलाच मीठ टाकायची सवय असते. मीठ पेशींतलं पाणी बाहेर ओढतं. आपल्या भाजीला ते हवंच असतं, कारण ती झाकण ठेवून वाफेवर शिजवायची असते. इथं नेमकं उलट.

भाजी कुठली? ब्रोकोली आणि लाल-पिवळ्या ढोबळ्या मिरच्याच हव्यात असा समज मॉलच्या मांडणीनं करून दिला आहे. बंगळुरात कुठल्याही हातगाडीवर सीमे बदनेकायी मिळते, आपण तिला चौचौ म्हणतो. तमिळ माणूस तिला बंगळूर वांगं म्हणतो, आणि ती आहे मूळची मेक्सिकोची. ही भाजी चीनमध्ये आणि फिलिपिन्समध्ये रोजच्या परतण्यात आणि सूपमध्ये सर्रास असते. सालं काढून, आडव्या काड्या करून, लसणीवर दोन मिनिटं मोठ्या आचेवर परतली की कुरकुरीत राहते, गोडसर लागते आणि शिवाय स्वस्त. इथल्या घरांत ती सांबारात आणि कूटूमध्ये जाते, मराठी घरांत बहुधा डाळीत, आणि शिजून तिचा चेहरामोहराच हरवतो. तोंडली, फरसबी, नवलकोल यांचंही हेच. नवलकोलाच्या काड्या परतून बघा. कॉलनीतली लहान मुलंसुद्धा ती खातात, याहून मोठं प्रशस्तिपत्र मला माहीत नाही.

गोबीत पाण्याचा सर्वांत मोठा घात होतो, आणि तो आपल्या एका चांगल्या सवयीमुळे होतो. फ्लॉवरमध्ये अळ्या असतात म्हणून तुरे हळद-मिठाच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवायचे, हे आईनं शिकवलेलं असतं. बरोबरच आहे. पण फ्लॉवरच्या तुऱ्यात, त्या बारीक बारीक कळ्यांच्या मधल्या फटींत पाणी अडकून बसतं. वरून हात लावला तर कोरडं वाटतं. उलटा धरून झटकला की शिंतोडे उडतात. हेच पाणी तळताना वाफ होऊन आवरणाला आतून मऊ करतं. तुरे निथळून, देठ वर करून फडक्यावर निदान दोन तास ठेवले तर निम्मी लढाई जिंकली. मग आवरण: मैदा पदार्थाला धरून ठेवतो, कॉर्नफ्लोअर कुरकुरीतपणा देतो. मैदा नको असेल तर त्या जागी तांदळाचं पीठ चालतं, भज्यांना आपण घालतोच. पीठ सरसरीत नको, तुऱ्याला नुसता लेप बसेल इतकंच. आणि तळणं दोनदा. पहिल्यांदा मध्यम आचेवर फिकट रंगावर काढायचं, पाच-सात मिनिटं चाळणीत ठेवायचं. त्या वेळात आतलं पाणी बाहेर पृष्ठभागाकडे येतं. दुसऱ्यांदा कडक तेलात मिनिटभर, म्हणजे ते आलेलं पाणी उडून जातं. सॉस घट्ट करायला कॉर्नफ्लोअर आधी थंड पाण्यात कालवूनच घालायचं. गरम सॉसमध्ये कोरडं टाकलं तर प्रत्येक गोळ्याच्या बाहेरचा पिष्टाचा थर क्षणात शिजून चिकट होतो आणि आतलं पीठ तसंच राहतं, त्याच्या गाठी होतात.

भाताकडे वळू. फ्राइड राइसला भात शिळाच का हवा? शिजताना तांदळातलं पिष्ट पाणी पिऊन फुगतं आणि मोकळं होतं. थंड झाल्यावर त्याचे सरळ, लांब रेणू पुन्हा एकमेकांना बिलगतात, शीत कडक होतं, पृष्ठभागावरचं पाणीही कमी होतं. म्हणून ते कढईत सुटं राहतं. बंगळुरात रोजचा तांदूळ सोना मसुरी. तो मध्यम सडसडीत, एक रात्र फ्रिजमध्ये ठेवला की फ्राइड राइसला उत्तम. इंद्रायणी मात्र या कामाला घेऊ नये. मावळातल्या वडगावच्या भात संशोधन केंद्रानं काढलेलं हे वाण आंबेमोहोराच्या कुळातलं, वासाचं आणि चिकट. पुण्याहून येणाऱ्या बसच्या डिकीतून ज्यांच्या घरी इंद्रायणीची पिशवी येते, त्यांनी ती जपानी पद्धतीच्या भातासाठी राखावी: शिजवून, थोडं व्हिनेगर-साखर-मीठ कालवून, ओल्या हातानं मुटके वळायचे आणि आत लोणच्याची फोड किंवा तळलेली सुकट भरायची. जपानी भाताचे मुटके आणि आपला इंद्रायणी यांचं इतकं चांगलं जमतं की आयात केलेला महागडा तांदूळ घ्यायची गरज उरत नाही. या शहरात जपानी माणसं काही कमी नाहीत; टोयोटानं १९९७ मध्ये किर्लोस्करांशी भागीदारी करून बिडदीला कारखाना मांडायला घेतला, त्यानंतर त्यांचा वावर वाढला, आणि वर्षातून एकदा 'जपान हब्बा'ही भरतो.

शिळ्या भाताबद्दल एक सावधगिरी मात्र हवीच. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. ते शिजवल्यावरही मरत नाहीत. भात ओट्यावर तासन्‌तास राहिला की ते वाढतात आणि त्यांनी सोडलेलं एक विष पुन्हा गरम करूनही जात नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये फ्राइड राइस खाऊन उलट्या झाल्याची प्रकरणं निघाली, त्यांचा माग याच जिवाणूपर्यंत लागला. तिथल्या हॉटेलांत उकडलेला भात रात्रभर बाहेर ठेवण्याची रीत होती. तेव्हा भात परातीत पसरून निववायचा आणि तासा-दीड तासात फ्रिजमध्ये टाकायचा. 'इथं हवा थंड आहे, काही होत नाही' हे बंगळूरचं लाडकं वाक्य इथं उपयोगाचं नाही. पंचवीस अंश आपल्याला गारवा वाटतो, जिवाणूंना तो सुखाचा उबारा असतो.

आता त्या फळीवरच्या वस्तू. यात मला सर्वांत नवल तिरफळाचं वाटतं. शेजवान चटणीची बाटली मराठी घरात डोशावर, चपातीच्या रोलवर, वडापावातसुद्धा पोचली. सिचुआनच्या स्वयंपाकाची खूण म्हणजे जिभेला मुंग्या आणणारी एक मिरी, आणि नेमकी तीच या बाटलीत सहसा नसते. कोकण-गोव्यात बांगड्याच्या आमटीत जे तिरफळ पडतं ते त्या सिचुआन मिरीच्याच वंशाचं, झँथोझायलम या प्रजातीतलं. नेपाळी-तिबेटी घरांत मोमोबरोबरच्या चटणीत घालतात तो टिमूरही त्याच कुटुंबातला. किनारी कर्नाटकात तिरफळाला जुम्मनकायी म्हणतात. मुंग्या आणणारं द्रव्य सँशूल वर्गातलं. लंडनमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये मोजलं, तर सिचुआन मिरी ओठाला लावल्यावर वाटणारी थरथर सेकंदाला सुमारे पन्नास कंपनांइतकी भरली. स्पर्श ओळखणाऱ्या मज्जातंतूंना ती फसवते. तिखटपणाशी तिचा संबंध नाही.

तिरफळ हातात घेऊन बघावं. वाळलेलं फळ उललेलं असतं, आत काळीभोर चकचकीत बी. बी काढून टाकायची. ती चवीला काही देत नाही आणि दाताखाली कचकचते. करड्या-तपकिरी सालीवर बारीक फोड आल्यासारखे उंचवटे दिसतात, त्यांत सुगंधी तेल असतं. मालवणी बाई ते ठेचून आमटीत शेवटी टाकते आणि जेवताना बाजूला काढते. सिचुआनमध्ये त्यांची मिरी कोरडी भाजून कुटतात. तिरफळावर हीच रीत लावली तर? आठ-दहा टरफलं मंद तव्यावर वास सुटेपर्यंत गरम करून खलात कुटायची, वर सांगितलेल्या ब्याडगी-लसणीच्या लाल तेलात गॅस बंद केल्यावर मिसळायची. सिचुआन मिरीपेक्षा याचा वास अधिक उग्र, संत्र्याच्या सालीकडे झुकणारा. पण जीभ थरथरते. पूड करून डब्यात ठेवू नये, महिन्या-दोन महिन्यांत तिचा जोर उतरतो. अख्खं तिरफळ झाकण घट्ट असेल तर वर्षभर टिकतं.

नारळाचं दूध ही दुसरी गोष्ट. सोलकढी करणाऱ्या माणसाला दूध फुटू नये याची धास्ती असते. थाई आमटीची सुरुवातच दूध फोडण्यानं होते: पहिलं घट्ट दूध कढईत आटवत न्यायचं, तेल वेगळं दिसू लागलं की त्या तेलात वाटण परतायचं, मग पातळ दूध. म्हणजे फोडणीचं तेलसुद्धा नारळातूनच येतं. डब्यातल्या किंवा खोक्यातल्या दुधात बहुधा ते फुटू नये म्हणून घातलेली द्रव्यं असतात, असं दूध आटवलं तरी सहजी तेल सोडत नाही. घरी काढलेलं पहिलं दूध पाच-सात मिनिटांत सोडतं. वाटणात गवती चहाची पात नव्हे, बुडाचा पांढरा गड्डा जातो. कुंडीतली पात चहाला जाते आणि बूड उपटून फेकलं जातं, तेवढं थांबवलं की झालं.

चिंच, गूळ, शेंगदाण्याचं कूट ही मराठी आमटीची त्रिमूर्ती. थायलंडच्या पाद थाईत चिंच, ताडगूळ आणि कुटलेले शेंगदाणे हेच असतात, खारटपणाला माशाचं आंबवलेलं पाणी. आणि शेवया? त्यासाठी तांदळाच्या नूडल्सचं पाकीट लागत नाही. कर्नाटकात 'ओत्तु शाविगे' म्हणून उकडलेल्या तांदळाच्या पिठाच्या शेवया साच्यातून पाडतात. सिंधुदुर्गात त्यांनाच शिरवाळे म्हणतात आणि नारळाच्या गोड रसाबरोबर खातात. ताज्या शेवया परतायच्या नाहीत, तुटतात. वर गरम सॉस, कच्चे मोड, कांद्याची पात आणि कूट घालून हलक्या हातानं कालवायच्या. वाळवलेल्या असतील तर उकळत्या पाण्यात शिजवू नयेत, गॅस बंद करून त्या पाण्यात बुडवायच्या आणि किंचित कच्च्या असतानाच निथळायच्या, कारण कढईतल्या रसात त्या पुढे शिजतातच.

सोया सॉसबद्दल थोडक्यात. खरा सोया सॉस सोयाबीन आणि गहू यांच्यावर एक विशिष्ट बुरशी वाढवून, मिठाच्या पाण्यात महिनोन्‌महिने आंबवून होतो. स्वस्त बाटलीत बहुधा आम्लानं तोडलेली वनस्पती-प्रथिनं आणि कॅरमेलचा रंग असतो. लेबलवर सोयाबीन-गहू आहेत की 'हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन', एवढं वाचलं तरी कळतं. कुठलाही घ्या, एका मोठ्या चमच्यात साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा २००० आहे. म्हणून सोया सॉस घातला की वेगळं मीठ चाखूनच.

अजिनोमोटोची भीती मात्र अवाजवी आहे. टोकियोच्या किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये कोम्बू नावाच्या समुद्री शेवाळाच्या रसातून ग्लुटामेट वेगळं काढलं. तेच द्रव्य पिकल्या टोमॅटोत आहे, चीजमध्ये आहे. १९६८ मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या पत्रावरून 'चिनी जेवणाचा त्रास' ही कल्पना पसरली. नंतरच्या काटेकोर चाचण्यांत नेहमीच्या प्रमाणात असा ठरावीक परिणाम दिसला नाही. पण घरी त्याची गरज तरी कुठे आहे? बाजारात 'नाटी' टोमॅटो मागा, आंबट आणि रसाळ; ते आटेपर्यंत परतले की ग्लुटामेट एकवटतं. सुक्या मासळीत इनोसिनेट असतं, आणि ही दोन द्रव्यं एकत्र आली की चव बेरजेनं नव्हे, गुणाकारानं वाढते. सुकट-टोमॅटो करणाऱ्या आजीला हे प्रयोगशाळेशिवाय ठाऊक होतं.

राहता राहिलं टोफू. लातूरच्या बाजारात हंगामात सोयाबीनचे ढीग लागतात, त्यातलं बहुतेक तेलाला आणि पेंडीला जातं, आणि बंगळूरच्या सुपरमार्केटात त्याच दाण्याचा पाव किलो टोफू चढ्या भावानं मिळतो. सोयाबीन माणसानं खावं, हा विचार इथं नवा नाही. १९३५ मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींनी आश्रमवासीयांच्या आहारात सोयाबीनचे प्रयोग केले आणि त्यांबद्दल 'हरिजन'मध्ये लिहिलं. पुढच्याच वर्षी बडोदा संस्थानचे अन्नपाहणी अधिकारी एफ. एस. काळे यांनी सोयाबीनची शेती, पोषण आणि उपयोग यांवर इंग्रजीत जाडजूड ग्रंथ काढला. दोघांनाही दाद अशी मिळाली नाही. मुख्य अडचण वासाची होती. तो उग्र वास सोयाबीन भरडताना एक विकर तेलावर काम करतं त्यातून येतो, आणि दाणे थंड पाण्याऐवजी उकळत्या पाण्यात वाटले तर विकर जागच्या जागी निकामी होतं. साधा उपाय, पण तो कळायला १९६० चं दशक उजाडलं.

घरी करायचं तर एक वाटी पिवळं सोयाबीन रात्रभर भिजवायचं. बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी यासाठी वापरू नये; त्यातल्या कॅल्शियममुळे दाणा नीट मऊ होत नाही. मार्च २०२४ मध्ये, गोबीचा रंग गाजत होता तेव्हाच, अर्धं शहर टँकरवर होतं, आणि कडधान्यं शिजत नाहीत ही तक्रार तेव्हा घराघरांत होती. भिजलेले दाणे उकळत्या पाण्याबरोबर वाटून, गाळून, दूध मोठ्या पातेल्यात उकळायचं. पातेलं मोठंच, कारण हे दूध उकळी यायच्या आधीच फेसानं वर येतं आणि 'झालं' असं वाटतं. झालेलं नसतं. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचं पचन अडवणारं द्रव्य असतं, ते मोडायला फेस बसल्यावर आणखी दहा मिनिटं उकळावं लागतं. मग जरा निववून लिंबाचा रस किंवा पातळ केलेलं व्हिनेगर, पनीरसारखंच. फडक्यात बांधून वर पाटा ठेवला की अर्ध्या तासात वडी. जपानी लोक समुद्राच्या पाण्यातलं मॅग्नेशियम क्लोराइड वापरतात, त्यानं टोफू अधिक मऊ आणि गोडसर होतो. लिंबाचा किंचित आंबट राहतो, पण तिरफळाच्या लाल तेलात तो आंबटपणा चालून जातो.

गाळल्यावर उरणारा चोथा फेकू नये आणि उद्यावरही ठेवू नये, फार लवकर आंबतो. थालीपिठाच्या भाजणीत तो निम्म्याला निम्मा मिसळतो. त्यात पाणी आधीच भरपूर असतं, त्यामुळे पीठ मळताना वेगळं पाणी घालायचं नाही. कांदा, तिखट, मीठ घालून दहा मिनिटं तसंच ठेवलं की कांद्याच्या पाण्यावर ते थापण्याजोगं होतं. थापताना मध्ये नेहमीच्या एका भोकाऐवजी चार-पाच पाडायची, आणि झाकण पहिल्या बाजूपुरतंच ठेवायचं.